दहा घरांचे शिक्के

मी एक पुठ्ठा बोलतोय. डोक्यावर चिमटा, कानात दोरी. जपानच्या ओतारू शहरातल्या एका चढावरच्या दहा घरांत वस्तीच्या सूचना घेऊन मी फिरतो. प्रत्येक घराने वाचायचं, शिक्का मारायचा आणि मला शेजारच्या दाराला अडकवायचं. घर वगळायचं नाही, हा नियम. तेवीस वर्षं छापील वाचतोय, म्हणून स्वतःला शिकलेला समजतो. पण कळतं किती, याची शंकाच आहे.

सातव्या घरात कुजेबाई एकट्या राहतात. मला घ्यायला दारातून फक्त हात येतो. त्या आजारी असाव्यात, अशी माझी समजूत होती. एकदा त्यांचं फोनवरचं बोलणं ऐकलं आणि कळलं, की वीस वर्षं सगळा जपान जिची गाणी गुणगुणतोय, आणि जिचा चेहरा कुणी पाहिलेला नाही, ती ‘आसागिरी’ म्हणजे याच. बक्षीस घ्यायलासुद्धा यांनी आपली छत्री पाठवली होती.

“ओळखली गेले म्हणून तीन गावं सोडली,” त्या गाण्यांच्या कंपनीच्या माणसाला सांगत होत्या. “चौथं सोडावं लागलं, तर गाणंच सोडीन. आणि शेवटची ओळ अजून सुचलेली नाही.”

“सहा वर्षं झाली, बाई.”

“घाई करू नका.”

फेब्रुवारीत घोटाळा झाला. बर्फ उपसायच्या पाळ्या वाचताना त्यांनी गाण्याचा कागद माझ्याच चिमट्यात अडकवला आणि मला आठव्या दारी टांगलं. मी ओरडायला हवं होतं. पुठ्ठ्याला ते जमत नाही. जमलं असतं तरी मी आधी विचारच करत बसलो असतो.

आठव्या घरच्या तोगाशीआजी निवृत्त शिक्षिका आणि यंदाच्या वस्तीप्रमुख. “कुणी लिहिलीय ही सूचना? तारीख नाही, वार नाही,” म्हणत त्यांनी लाल पेन्सिलीने दोन चुका काढल्या आणि शिक्का मारला. पुढच्या घरांनीही निमूट मारले. सहाव्या घरच्या उकाईआजोबांनी तळाशी लिहिलं, ‘माझ्या दारापुढचा बर्फ अजून तसाच आहे. कृपया लक्ष द्यावे.’

नऊ शिक्के घेऊन मी परतलो. कुजेबाईंनी आधी बॅग काढली. मग तळाची ओळ वाचली आणि पेन उचललं. शेवटी ‘कृपया लक्ष द्यावे’ एवढंच खोडलं.

जूनमध्ये गाणं रेडिओवर लागलं. मी उकाईंच्या दाराला होतो. “अगं, ऐकलंस का,” ते बायकोला म्हणाले, “ही तर माझी तक्रार.”

“मग आता तरी बर्फाचं नाव काढू नका. उन्हाळा आहे.”

तो कागद सातव्या घरातूनच पुढे आला होता, त्यामुळे संध्याकाळपर्यंत वस्तीला सगळं कळलं. कुजेबाईंची बॅग दाराशी आली. दोन दिवसांनी तोगाशीआजींच्या अक्षरात नवी सूचना निघाली: ‘१. कचरा गुरुवारी. २. गवतकापणी रविवारी. ३. सातव्या घराविषयी कुणी विचारल्यास, तिथे ठार बहिऱ्या बाई राहतात, असे सांगावे.’

घर वगळायचं नाही, हा नियम. त्यामुळे नऊ शिक्क्यांनिशी मी सातव्या घरीही पोचलो. बाईंनी वाचलं. दहावा शिक्का जरा वाकडा उमटला. खाली त्यांनी पेन्सिलीने लिहिलं, ‘वाचले. ऐकू येत नाही.’

बॅग परत माळ्यावर गेली.

आता माझे कोपरे झिजलेत. नवा पुठ्ठा आणायची सूचना माझ्याच चिमट्यात आहे. तिच्यावर नऊ शिक्के पडलेत. दहावा मात्र पडत नाही. चार दिवस मी कुजेबाईंच्या स्वयंपाकघरात आहे, आणि त्या सूचनेच्या पाठीवर एक नवं गाणं उतरतंय. बाकीच्या घरांना एवढीच विनंती: घाई करू नका. शेवटची ओळ अजून यायची आहे.