तय्यबभाईंच्या अक्षरातली कुपनं

"सोडतीच्या पेटीतली त्रेसष्ट कुपनं एकाच हाताची आहेत, चाचा," मॅनेजर शिरीष म्हणाला. "गाडी लागली तेही त्यातलंच. नोकरांना सोडतीत भाग नाही. मस्कतच्या हेड ऑफिसला कळवलं तर तुमचा व्हिसा खलास."

काउंटरवरच्या तय्यबभाईंनी गल्ला बंद केला. मी पावाची पिशवी धरून बाजूला उभी. खरं सांगते, मला नवल वाटलं नाही. पाच रियालच्या खरेदीवर मिळणारं कुपन गिऱ्हाईक सोडून गेलं, की ते खिशात घालताना मी त्यांना कितीदा पाहिलं होतं. माझीही मी तिथेच टाकायचे. फुकट कोण काय देतं?

ओमानातल्या आमच्या या खाबुरा गावात कुपन आणलं तेही त्यांनीच. पस्तीस वर्षांपूर्वी हे एका खोलीचं दुकान होतं. नवा चहा खपेना, म्हणून त्यांनी खोक्याचे पुठ्ठे कापून शिक्के मारले. दहा शिक्क्यांना काचेचा पेला. आम्ही बायकांनी तो उजेडात धरून तडा शोधला होता. तडा नव्हता.

"लोकं टाकून जातात," तय्यबभाई म्हणाले. "कुणाला लिवता येत नाय, कुणाला घाई. मी नाव घालतो."

"कुणाचं? स्वतःचं?"

"ज्याचं त्याचं."

"आणि नंबर? पाठ आहेत?"

"सामान घरी मीच पोचवतो ना, बाबा."

शिरीषने गाडी लागलेल्या कुपनावरचा नंबर लावला. फोन सगळ्यांना ऐकू येत होता.

"एकनाथ पंपवाला बोलतोय. कसली गाडी? मी कुपन भरलंच नाय कधी! लुबाडायला मीच गावलो काय?"

तिकडून फोन आपटला. शिरीष एकेक कुपन उलटू लागला. मध्येच थांबून माझ्याकडे वळला.

"प्रेमाकाकू, हा नंबर तुमचा?"

माझाच होता. माझ्या नावाची सात निघाली. तय्यबभाईंच्या नावाचं एकही नाही.

"ठीक आहे," शिरीष पुटपुटला. "पण यापुढे भरू नका."

पुढच्या आठवड्यात तय्यबभाईंनी कुपन माझ्यासमोर ठेवलं, वर पेन.

"भरा, वहिनी."

"तुम्हीच लिहा ना."

"नको."

माझा हात आता कापतो. मागे रांग वाढली, कुणीतरी "यल्ला, यल्ला" म्हणत घाई करू लागलं. माझं नाव लिहून होईपर्यंत तय्यबभाई हात मागे बांधून छताकडे बघत होते. कागदाकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही.