दानित्सा कोणी दिली

दीपगृहाखाली पोचलं की शीड उतरवायचं आणि फादर युराय यांच्या निरूपणातलं एक तरी कडवं गायचं, हा माझा नेम. फादर आमच्या बेटावर आले तेव्हापासूनचा. ते प्रवचन सांगत नाहीत, गातात. संतांच्या कथा अशा गातात की माणूस देवळातून बाहेर पडला तरी चाल आत चालूच राहते. मी स्वतः दीपगृहाचा राखणदार होतो. दिवे आपले आपण लागायला लागले आणि मला खाली गावात पाठवलं. तेव्हापासून दर सप्टेंबरात माझी होडी ‘दानित्सा’ काढायची आणि किनाऱ्याकिनाऱ्यानं, होड्या लावायच्या एका मरिनातून दुसऱ्या मरिनात, जुन्या दिव्यांची खबर घेत जायचं. दानित्सा म्हणजे पहाटेची चांदणी. माझ्या वडिलांनी स्वतः बांधलेली लाकडी होडी, कडेला निळा पट्टा.

सुकाणूवर तोन्को. तोन्को माझा कुम. माझ्या लेकीला, पेरिनाला, बाप्तिस्म्याच्या दिवशी हातांवर धरणारा तोच, म्हणजे भावापेक्षा जवळचा. आमच्याकडे सख्ख्या भावाशी अबोला धरला तर लोक समजून घेतात, कुमाशी धरला तर नाही.

“कुमा, तुझ्या गाण्यानं मासे पळाले बघ,” तो म्हणायचा.

“माझ्या गाण्यानं नाही, तुझ्या मोज्यांच्या वासानं.”

यंदा माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. मरिनातल्या डोलकाठ्या धुक्यातल्या काटक्यांसारख्या दिसायच्या. दिवे मात्र चुकत नव्हतो. किती वेळानं मिचकावतो त्यावरून प्रत्येकाला ओळखायचो. मिल्नाच्या बंदराला लागलो, व्र्बोस्काला लागलो. प्रत्येक ठिकाणी तोन्को पाण्याचा डबा घेऊन धक्क्यावर उडी मारायचा आणि तासाभरानं अर्धा डबा घेऊन यायचा. व्र्बोस्कात तो शेजारच्या पांढऱ्या प्लॅस्टिकच्या होड्यांपाशी पावलं मोजत होता. “अकरा, बारा...” मला ऐकू येत होतं.

“काय रे, एखादीशी लग्न ठरवतोयस का?” मी ओरडलो.

“बघायला काय जातंय, कुमा!”

प्लोचित्साच्या दिव्याखाली नांगर टाकला तेव्हा संध्याकाळ होती. खारवलेल्या माशांबरोबर भाकरी खाल्ली, वाइन पाणी घालून घेतली. तोन्कोनं खिशातून कागद काढला.

“इथं सही कर.”

“कसला आहे?”

“मरिनात मुक्कामाचा परवाना. आता सगळीकडे मागतात.”

“वाच बघू.”

त्यानं वाचलं. माझं नाव, होडीचं नाव, तारीख, एका रात्रीचा मुक्काम. कुठं अडखळला नाही. मी माशांच्या खोक्याच्या झाकणावर कागद ठेवला आणि तो बोट ठेवेल तिथं सही केली. मग वर दिवा लागला आणि मी खलाशांना सांभाळणाऱ्या संत निकोलाचं कडवं धरलं. आणि काय सांगू, तोन्कोनं सूर लावला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. बेसूर होता, पण मोठ्यानं, शेवटपर्यंत गायला. माझे डोळे भरून आले. वाटलं, देवानं याला आज हाक मारली.

नोव्हेंबरात पेरिनानं मला स्प्लिट शहरात नेलं आणि माझे मोतीबिंदू काढून घेतले. परतलो ते सहा डिसेंबरच्या सकाळच्या फेरीबोटीनं, संत निकोलाच्या सणाला. डेकवरून मला गावातल्या खिडक्यांची दारंसुद्धा मोजता येत होती. पेरिनाला सप्टेंबरातल्या गमती सांगत होतो. बंदरात नव्या मरिनाचे तरंगते धक्के लागले होते आणि दानित्साच्या जागी, देवळाकडून तिसऱ्या, एक पांढरी प्लॅस्टिकची होडी उभी होती. बारा मीटर तरी असेल.

“बाबा,” पेरिना म्हणाली, “वर बघा.”

टेकडीवर देवळासमोर, दरवर्षी जशी रचतात तशी, लाकडांची रास होती आणि राशीवर होडी. निळा पट्टा.

सणाला आमच्याकडे एक म्हातारी होडी जाळून संताला देतात. देणारा स्वखुशीनं देतो. फादर गाऊन विचारतात, कोण देतो. देणारा त्याच चालीत गातो, मी देतो. मगच काडी लागते. त्या राखेची चिमूट तळाच्या लाकडावर चोळल्याशिवाय गावातली नवी होडी बंदराबाहेर पडत नाही.

“तुम्ही दिलीत?” पेरिनानं विचारलं.

“नाही गं.”

चढावर तोन्को भेटला. अंगात नवं जाकीट.

“आलास, कुमा! दिसतंय ना नीट?”

“दिसतंय.”

त्यानं वर राशीकडे बोट केलं. “हे बघ, ती कुजत आली होती. किती वर्षं टाके घालत बसणार होतास? संताच्या पायाशी गेली, याहून चांगला शेवट कुठला?”

“मग मला विचारायचंस.”

“तू नाही म्हणाला असतास.”

“हो.”

“म्हणून नाही विचारलं.” त्यानं जाकिटावरून हात फिरवला. “प्लोचित्साच्या कागदावर तुझी सही आहे. होडी संताला, बंदरातली जागा कुमाला. नवीन मरिनात जुनी जागा सुटल्याशिवाय नवी मिळत नाही. तू काही ती जागा वर घेऊन जाणार नव्हतास.”

पेरिना पुढं झाली. “तोन्को काका, मला बाप्तिस्म्याला हातांवर धरलंत तेव्हा माझीपण लांबी मोजली होतीत का?”

तोन्कोनं जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढली आणि वर चालू लागला.

फादर युराय यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यांनी वादळातल्या खलाशांची कथा लावली, आणि त्या कथेतच मला गुंफलं: बापाच्या हातची होडी हसत संताला देणारा प्रोश्पे. बायका डोळे पुसत होत्या. इतकी वर्षं त्या चालीवर मी जीव टाकला. तिच्यात माझं नाव कधी येईल असं स्वप्नातही नव्हतं, आणि आलं ते असं.

मी दानित्साकडे बघत होतो. नाही म्हटलं तर उतरवून घेता येईल, हे मनात होतंच. पण नव्या डोळ्यांना सगळं दिसत होतं. राशीवर नीट बसावी म्हणून तिचं तळाचं लाकूड करवतीनं आरपार कापलं होतं. ती आता कधीच तरंगणार नव्हती.

“कोण देतो?” फादरांनी गाऊन विचारलं.

तोन्को जमिनीकडे बघत होता. मी सूर लावला. संतासमोर खोटं कसं गायचं?

“मी दिली नव्हती,” मी गायलो, त्याच चालीत. “माझ्या कुमानं नेली. आता देतो.”

‘आमेन’ म्हणायला कोणाचं तोंड उघडेना. शेवटी एकटे फादर म्हणाले, तेही गाऊन नाही. मग त्यांनी काडी लावली. जुनं डांबर पटकन पेटलं.

राख होडी देणाऱ्यानंच वाटायची असते. दुपारी लोक डबे घेऊन आले, मान खाली घालून घेऊन गेले. तोन्को सगळ्यांत शेवटी आला. हातात कॉफीचा डबा. मी भरला. राख संताची, माझी नव्हती.

“सप्टेंबरात माझ्या होडीतून जाऊ, कुमा,” तो हळू म्हणाला. “दिवे वाट बघतील तुझी.”

“एक सांग. प्लोचित्साखाली तू माझ्याबरोबर गायलास. का?”

तो डब्याचं झाकण लावत राहिला. ते आधीच बसलं होतं.

“कागदाची घडी घालत होतो,” तो म्हणाला. “हात थरथरत होते. कागद वाजत होता. तुला ऐकू येईल असं वाटलं.”

तो उतरून गेला. पेरिना म्हणाली, घरी चला, बाबा, थंडी आहे. मी म्हटलं, येतो.

बंदराच्या तोंडाशी आमचाही एक दिवा आहे, लहानसा, हिरवा. चालत त्याच्या खाली गेलो. तो लागला तेव्हा सवयीनं तोंड उघडलं. संत निकोलाचं कडवं ओठांवर आलं, आणि त्याच्या खालून तोन्कोचा तो बेसूर आवाज कानात उमटला, मोठ्यानं, शेवटपर्यंत.

मी न गाताच घरी आलो.