भुजंगबुवांचा आवाज

लातूरच्या त्या दुकानाच्या पायरीवर निवृत्तीबुवांनी चपला काढल्या, तसा आतून दुकानदार अमरनाथ हसला.

"काका, चपला राहू द्या की पायात. हे देऊळ न्हाई, टीव्हीचं दुकान हाय."

"आवाज ऐकायला आलोय ना बाबा," निवृत्तीबुवा म्हणाले, "मग दोन्ही सारखंच."

बोलायला ते बोलून गेले, पण पाऊल उंबऱ्यातच अडलं होतं. मागून नागाबाई आल्या, डोक्यावरचा पदर सावरत, हातात मोबाइल घट्ट धरून. त्यांच्यामागे त्यांचा मुलगा बालाजी. तो लातूरलाच एका कॉलेजच्या ऑफिसात नोकरीला होता. त्याने गावाकडे आईला टीव्ही घेऊन दिला होता, पातळ, भिंतीला चिकटणारा. पण त्या टीव्हीचा आवाज म्हणजे पाठमोरं बसून कुणी पुटपुटावं तसा. नागाबाईंना सकाळचं कीर्तन दिसायचं, कळायचं नाही. शेवटी बालाजी म्हणाला होता, "आई, पंधरा हजारांपर्यंत चांगला साउंड घेऊ. पण तूच ये, तुझ्या कानानं घे."

आणि नागाबाई म्हणाल्या होत्या, "मग निवृत्तीभावजींना घे संगट. आवाजातलं त्यांच्याएवढं कुणाला कळतंय?"

तिथेच बुवांचं धाबं दणाणलं होतं.

नागाबाई म्हणजे भुजंगबुवांची बायको. भुजंगबुवा गेल्या मार्गशीर्षात गेले. देवणीपासून धर्माबादेपर्यंत असा सप्ताह नसेल, जिथे भुजंग आणि निवृत्ती ही जोडी कीर्तनाला उभी राहिली नाही. महाराजांनी अभंगाचं चरण म्हणून सोडलं, की ते खाली पडायच्या आत झेलायचं, वरच्या पट्टीत चढवायचं आणि मंडपातल्या शेवटच्या म्हातारीच्या अंगावर काटा उभा करायचा, हे धृपद धरणाऱ्याचं काम. जाहिरातीत नाव महाराजांचं. धृपदवाल्याचं नाव कुठेच नसतं. पण आवाज निघाला की बाया चुलीपुढून उठून यायच्या. भुजंगबुवा पुढे आणि निवृत्तीबुवा त्यांना जोड देणारे. एकाच गुरूजवळ शिकलेले, एकाच ताटात जेवलेले. आवाजही इतके सारखे झालेले, की लोक थट्टेने म्हणायचे, ह्या दोघांना देवाने एकच गळा वाटून दिलाय.

गेल्या साली आषाढात भुजंगबुवांचा घसा बसला. आज सुटेल, उद्या सुटेल, म्हणता म्हणता आवाज पारच गेला. घरी त्यांनी पाटीवर लिहून दाखवलं, की चातुर्मासभर मौन धरलंय. घरी बोलणं बंद, आवाज फक्त देवापुढे. नागाबाईंना केवढा अभिमान वाटला! शेजारणी यायच्या, तर त्या ओठावर बोट ठेवून सांगायच्या, "हळू बोला बाई, ह्यांचं मौन हाय." चार महिने त्यांनी नवऱ्याला खुणेवर वाढलं, खुणेवर निजवलं, आणि एकदाही तोंड उघडायला लावलं नाही.

खरं काय ते एकट्या निवृत्तीबुवांना माहीत होतं. एका कीर्तनात महाराजांनी चरण सोडलं आणि भुजंगबुवांच्या उघड्या तोंडातून नुसता वारा आला. निवृत्तीबुवांनी दुसऱ्या टोकावरून ते झेललं. कुणाच्या लक्षात आलं नाही. परतताना जीपमध्ये भुजंगबुवांनी त्यांचा हात धरला. कानाला तोंड लावून, पाला सळसळावा तशा आवाजात म्हणाले, "नागाला सांगू नको. ती मला घरी बसवील. एवढा सप्ताह होऊ दे, मग दाखवतो दवाखान्यात." तो सप्ताह झाला, मग दुसरा. तोंड भुजंगबुवा हलवायचे, गळा निवृत्तीबुवांचा. कार्तिकात घास उतरेना झाला, तेव्हा नांदेडला नेलं. डॉक्टर म्हणाले, फार उशीर केला.

त्याच कार्तिकात धर्माबादेकडच्या एका सप्ताहात कुण्या हौशी माणसाने महाराजांच्या दोन्ही बाजूंना माईक लावून कीर्तन टिपलं होतं. भुजंगबुवांचं शेवटचं कीर्तन. नागाबाई ते रोज मोबाइलवर लावायच्या आणि जोंधळे निवडता निवडता ऐकायच्या. मोबाइलच्या चिमुकल्या भोकातून सगळेच आवाज एकात एक कालवून यायचे. आता येत्या एकादशीला सगळ्या गावाला बोलावून तेच मोठ्या आवाजात लावायचं त्यांच्या मनात होतं.

आणि चांगला साउंड म्हणजे काय असतं, हे निवृत्तीबुवांना पक्कं माहीत होतं. चांगला साउंड खोटं बोलत नाही.

अमरनाथने आधी एक भलामोठा खोका लावला. खाली वूफर, वर लाल-निळे दिवे. त्याने कसलंसं डीजेचं गाणं सुरू केलं, तशी काउंटरची काच थरथरली.

"हाच घ्या!" निवृत्तीबुवा ओरडले. "काय दणका हाय! हाच बांधा."

बालाजी त्यांच्याकडे बघतच राहिला. "काका, गणपतीत ह्याच आवाजाला तुम्ही लाखोली वाहत होता. पोरांच्या अंगावर काठी घेऊन गेला होता."

"तो गणपतीचा इषय निराळा."

"नुसतं घुमतंय हो हे," नागाबाई म्हणाल्या. "रांजणात तोंड घालून बोलल्यावानी."

मग अमरनाथने टीव्हीखाली ठेवायची लांबट पट्टी काढली. साउंडबार. बातम्या लावल्या. शब्द कळत होते. निवृत्तीबुवांनी लगेच मान डोलावली. एकाच पट्टीतून सगळं एकत्र येतंय, हे त्यांनी हेरलं होतं. "हे बी झकास हाय. जागा कमी, वायरी कमी. चला, बांधा."

अमरनाथ मात्र धंद्यात मुरलेला माणूस. त्याने गिऱ्हाइकाला विचारलं. "मावशी, तुम्हाला नेमकं काय ऐकायचंय? शिरेली, पिच्चर, भजन?"

नागाबाईंनी हातातला मोबाइल त्याच्यापुढे धरला. "एक माणूस ऐकायचाय," त्या म्हणाल्या.

अमरनाथचा हात साउंडबारवरून आपोआप निघाला. आत जाऊन त्याने दोन लहान लाकडी स्पीकर आणले, त्यासोबत एक छोटा अ‍ॅम्प्लिफायर. "दुकानात वाजवून दाखवायला ठेवलेला नग हाय, म्हणून तुमच्या बजेटात बसवतो. एक टीव्हीच्या डावीकडं ठेवायचा, एक उजवीकडं. ह्यात माणसाचा गळा जसा हाय तसा येतो. दणका मात्र मागू नका."

"लाकूड हाय," निवृत्तीबुवा घाईने म्हणाले. "आपल्याकडं वाळवी लई. उंदरं कुरतडतील."

"काका, आज तुम्ही लईच फाटे फोडून राहिलात," बालाजी म्हणाला. "ऐकू तर द्या आईला."

त्याने ते कीर्तन भरून आणलेला पेनड्राइव्ह लावला.

दुकानातल्या मोठ्या पडद्यावर कीर्तन उभं राहिलं. मध्ये महाराज. डावीकडे, टाळकऱ्यांच्या रांगेत सगळ्यांत पुढे, भुजंगबुवा: डोळे मिटलेले, गळ्याच्या शिरा ताणलेल्या. उजवीकडे मृदंगवाला. आणि त्याच्याही पलीकडे, पडद्याच्या अगदी काठावर, कुणाचं तरी कोपर आणि टाळाची दोरी.

टाळ सुरू झाले. एक एक टाळ निराळा वाजत होता, जणू दुकानातच रांग उभी राहिली. मृदंग उजव्या खोक्यातून येत होता, बरोबर जिथे मृदंगवाला उभा होता तिथून. नागाबाईंनी हात जोडले. महाराजांनी चरण म्हटलं, सोडलं, आणि तो आवाज उठला.

उजवीकडून.

निवृत्तीबुवांनी मान खाली घातली. स्वतःचा आवाज त्यांनी इतका स्वच्छ कधी ऐकला नव्हता. चरण उचलायच्या आधी घेतलेला दमसुद्धा कळत होता.

नागाबाई उठल्या. डाव्या खोक्याजवळ गेल्या, वाकल्या, कान लावला. तिथे टाळ होता. नुसता टाळ. मग त्या उजव्या खोक्याजवळ गेल्या. पडद्यावर डाव्या अंगाला त्यांचा नवरा तोंड उघडून उभा होता.

"वायरी उलट्या लागल्या वाटतं," अमरनाथ म्हणाला. "थांबा मावशी." त्याने मागे हात घालून वायरींची अदलाबदल केली. आवाज डावीकडे आला, भुजंगबुवांच्या बाजूला.

"हां!" बालाजी खूश झाला. "आता बघ आई, बाबा कसे समोर उभे राहून म्हणतात!"

निवृत्तीबुवांनी सुटकेचा निःश्वास सोडला. पांडुरंगा, तुझी कृपा.

नागाबाई हलल्या नाहीत. सारा जन्म मंडपात पुढच्या पोत्यावर बसून कीर्तन ऐकलेली ती बाई. "आता मृदंग चुकला," त्या हळूच म्हणाल्या. "तो तिकडं उभा हाय आन् वाजतोय इकडं. आधी लावलं होतं तेच बरोबर होतं."

अमरनाथ डोकं खाजवू लागला. बालाजीला काहीच उमगलं नाही. नागाबाईंनी वळून निवृत्तीबुवांकडे पाहिलं. फार वेळ नाही. भाकरी भाजली की नाही हे बघायला जेवढा वेळ लागतो तेवढाच. मग त्या बालाजीला म्हणाल्या, "बंद कर. तो पहिला घे. दिव्यांचा."

"अगं आई, तो तर घुमतो! तूच म्हणालीस."

"घुमू दे. गावाला ऐकू गेला पायजे."

बालाजी चडफडत काउंटरकडे गेला. अमरनाथ खोका बांधायला लागला. दोघं लाकडी स्पीकरांपाशी उरले.

"कधीपासून?" नागाबाईंनी विचारलं.

"आषाढ," निवृत्तीबुवा म्हणाले.

"म्हंजी मौन न्हवतं."

"न्हाई, वहिनी."

"आन् मी बाया गप्प करून राहिले होते." त्यांनी पदराचं टोक तोंडाला लावलं. रडल्या नाहीत. "एका शब्दानं बोलले असते तर मी त्यांना पाठीवर घेऊन नेलं असतं नांदेडला."

"म्हणूनच बोलला न्हाई तो. आन् मी..." कीर्तनात एवढी चरणं झेललेला माणूस, पण हे एक वाक्य त्यांच्याच्याने उचलवेना. शेवटी काहीतरी द्यावं म्हणून ते म्हणाले, "वहिनी, हे लाकडीच घ्या. ह्यात त्याचा टाळ ऐकू येतो. तो टाळ त्याचाच हाय, पांडुरंगाची आण."

"टाळ घरी खुंटीला हाय, भावजी," नागाबाई म्हणाल्या. "मी आवाज न्यायला आले होते."

एकादशीला संध्याकाळी नागाबाईंच्या अंगणात गाव जमलं. पोती, सतरंज्या अंथरल्या. खोक्याचे दिवे लाल-निळे होत होते आणि कीर्तन घुमत होतं. मृदंग, टाळ, गळा, सगळं एकाच गजरात मिसळून गेलं होतं. कोण डावीकडे, कोण उजवीकडे, पत्ता लागत नव्हता. बाया डोळे पुसत होत्या. "भुजंगबुवा खरंच गेलेत असं वाटत न्हाई," एकजण म्हणाली, आणि नागाबाईंनी त्या बाईला मान हलवून "हाव" म्हटलं.

देवळातले वीणेकरी आप्पासाहेब टाळ घेऊन पुढे सरकले. "निवृत्तीबुवा, नुसतं बसता काय? जोड द्या की तुमच्या दोस्ताला. धरा धृपद."

सगळ्या माना वळल्या. निवृत्तीबुवांनी खोक्याकडे पाहिलं. तिथे त्यांचाच गळा चढत होता. त्याच्या शेजारी आपला गळा लावला, तर बहिरासुद्धा ओळखील.

"घसा बसलाय," ते म्हणाले.

शेंगदाणे आणि गूळ वाटणाऱ्या नागाबाईंचा हात थांबला. ताट त्यांनी खाली ठेवलं आणि सगळ्या माणसांतून वाट काढत त्या बुवांसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"कधीपासून?"

"काही न्हाई वहिनी, असंच..."

"बालाजी," त्यांनी हाक मारली. "उद्या पहिल्या गाडीनं काकांना लातूरला ने. चांगल्या डॉक्टरला दाखव. नळी घालून बघायला सांग आत."

"अगं, साधा घसा बसलाय त्यांचा," आप्पासाहेब हसले.

"मला काही सांगू नका," नागाबाई म्हणाल्या. "नेऊन दाखव."

आपलं खोटं त्यांना कळलंय की नाही, हे निवृत्तीबुवांना त्यांच्या तोंडावरून ओळखता येईना. कळलं असतं तरी त्यांनी हेच म्हटलं असतं, असं मात्र त्यांना वाटलं.

"हाव वहिनी," ते म्हणाले. "जातो."

दुसऱ्या दिवशी ठणठणीत घसा घेऊन ते बालाजीबरोबर दवाखान्याच्या बाकावर बसले. नंबर येईपर्यंत ते कुणाशी एक शब्दही बोलले नाहीत; जे काही सांगायचं ते खुणेनेच सांगितलं.