आपलीच लेक आहे तिथं

प्रभाकर सोमण बँकेतून निवृत्त झाले, पण मनातल्या मनात जमाखर्च मांडायची त्यांची खोड काही निवृत्त झाली नाही. आता त्यात रकमांऐवजी माणसं होती, इतकाच फरक. कुणावर आपले उपकार, कुणाचे आपल्यावर, कुठली ओळख कधी वटवायची, हे त्यांनी झोपेतही सांगितलं असतं.

जमेची सगळ्यात भारी बाजू म्हणजे लेक उर्वी. ठाण्यात मुख्य कचेरी आणि कल्याण-डोंबिवलीत शाखा असलेल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये ती कॉम्प्युटरच्या सुरक्षेची प्रमुख होती. ती नेमकं काय करते हे प्रभाकररावांना सांगता येत नसे, तरी ते सांगत.

त्यामुळे धाकटी बहीण उत्तरा मोहन्याहून दिरांना घेऊन आली आणि म्हणाली, "दादा, माझ्या समीक्षाला साकेतचं स्थळ पसंत आहे. पण मुलगा मागच्या वर्षी महिनाभर सुट्टीवर होता म्हणे. तपासण्या उर्वीच्याच लॅबमध्ये झाल्यात. जरा बघून सांगशील?" तेव्हा प्रभाकररावांनी दिरांदेखत छाती फुगवून शब्द दिला, "हात्तिच्या! आपलीच लेक आहे तिथं."

लेकीनं पोहे खाता खाता नाही म्हटलं. "दुसऱ्याचे रिपोर्ट आहेत ते, बाबा. विषय संपला."

बापाचा संपला नव्हता. शब्द चारचौघांत गेला होता. तो परत घ्यायचा म्हणजे पार मोहन्यापर्यंत नाक कापून घेणं. त्यांनी मनातली पानं उलटली आणि रतन सापडला. लॅबच्या डोंबिवली शाखेत तो काउंटरवर बसायचा. त्याच्या मुलाच्या कॉलेज प्रवेशासाठी प्रभाकररावांनी एक चांगली ओळख खर्ची घातली होती. वसुलीची वेळ आली होती.

"एवढंच ना, साहेब?" रतन म्हणाला. "आमच्या शाखेतल्या कुठल्याही मशीनवरून सगळं दिसतं. बसा तुम्ही."

त्यानं साकेतचं नाव टाकलं. पडद्यावर उत्तर आलं, तुम्हाला परवानगी नाही.

"अरेच्चा, मागच्या आठवड्यात तर उघडत होतं," म्हणत रतन आत गेला आणि डॉक्टर मॅडमच्या रिकाम्या खुर्चीत बसला. प्रभाकरराव मागोमाग. तिथंही पडद्यानं आधी नाव विचारलं, रतननं आपलं दिलं, आणि पुन्हा तेच. तेवढ्यात काउंटरवरचा फोन खणखणला. रतननं धावत जाऊन उचलला, ऐकलं आणि घाम पुसत रिसीव्हर पुढे केला.

"साहेब, ठाण्याहून. तुमच्याच घरचा आहे."

"हॅलो," प्रभाकरराव म्हणाले.

पलीकडे उर्वी चपापली. मग, "बाबा? म्हणजे रतनकाकांच्या नावावर हे दोन नकार पडले ते तुमच्यामुळे?"

"अगं, इथून सहज जात होतो…"

"सहज? पेशंटच्या फायलीपर्यंत?"

"पण परवापरवापर्यंत उघडायचं म्हणे इथून!"

"उघडायचं. तेच तर बंद केलं मी. आधी आपली फायरवॉल, म्हणजे दारावरचा पहारेकरी, एवढंच बघायची की माणूस आला कुठून. डोंबिवली शाखेतून ना? मग या, बसा, सगळा डेटाबेस तुमचाच. आता ती विचारते, तू कोण आणि तुझं इथं काम काय? रतनकाकांचं काम पेशंटची नावं नोंदवायचं, तेवढंच त्यांना दिसणार. मशीन कुणाचंही असू दे."

"बरं, मग तू उघड. तू तर प्रमुख."

"मलाही नाही उघडत."

"म्हणजे? हे नियम लिहिले कुणी?"

"मीच. पण माझं काम दार सांभाळायचं, बाबा. कुणाला काय झालंय ते बघायचं नाही. म्हणून माझं नाव त्यात घातलंच नाही."

उभ्या नोकरीत प्रभाकररावांनी तिजोरीच्या किल्ल्या सांभाळणारे खूप पाहिले होते. किल्ली कमरेला लागली की माणसाची चालच बदलते. पण स्वतः किल्ली घडवून ती स्वतःलाच न देणारं माणूस पहिल्यांदाच भेटत होतं, आणि तेही आपल्याच घरात वाढलेलं. रागवायचं म्हणून तोंड उघडलं, पण राग काही सापडेना.

"या नकारांची नोंद झालीय," उर्वी हलकेच म्हणाली. "ती मी पुसणार नाही. मालक विचारतील. रतनकाकांना उत्तर द्यावं लागेल."

रतनचा चेहरा तोवर चुन्यासारखा झाला होता. प्रभाकररावांनी त्याच्याकडे पाहिलं आणि ते फोनवर म्हणाले,

"उत्तर मी देतो. लिही. प्रभाकर सोमण आले होते, जुन्या ओळखीचा दाब टाकून रतनला बसवलं."

"अहो बाबा, मालक ओळखतात तुम्हाला! गणपतीत जेवायला असतात आपल्याकडे."

"म्हणूनच सांगतोय. पुढे उर्वीचे वडील असंही लिही."

संध्याकाळी ते मोहन्याला पोचले. उत्तरानं पाणीसुद्धा विचारलं नाही. "आणलंस?"

"नाही. तिथलं काही उघडत नाही. उर्वीलाही नाही. आणि तिनंच तसं करून ठेवलंय!" शेवटच्या वाक्याला त्यांचा आवाज असा चढला, जणू पोरगी बोर्डात पहिली आली होती.

"मग काय चाटायचीय ती नोकरी?" उत्तरा फणकारली. "भाऊजींना काय तोंड दाखवू मी?"

"उत्तरे, समीक्षाच्या थायरॉइडच्या तपासण्या कुठं झाल्या गं?"

उत्तरानं दचकून दाराकडे पाहिलं. "हळू बोल ना, दादा! उर्वीच्याच लॅबमध्ये. तिकडच्यांना अजून सांगितलेलं नाही."

"आणि साकेतला मामा नसेल? त्या मामाला कुणी रतन नसेल?"

आतल्या खोलीतून समीक्षा बाहेर आली. तिनं सगळं ऐकलं होतं. "मामा, तुम्ही दोघं बसा. मीच विचारते साकेतला. आणि माझंही सांगून टाकते," म्हणत ती फोन घेऊन गॅलरीत गेली.

उत्तरानं गॅलरीच्या बंद दाराकडे पाहिलं. मग भावाजवळ सरकून पुटपुटली, "दादा, पण ते कुलूप पक्कं आहे ना रे?"

"माझ्या लेकीनं लावलंय," प्रभाकरराव म्हणाले. "मी स्वतः ओढून बघितलंय."