रंग बदलणारं लॉकेट

“काळा पडला! बघा, बघा, खडा काळा पडला!”

विचुंब्यातल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये पन्नासेक माणसं जमली होती. कोणी हात जोडून, कोणी मोबाईल वर धरून, सगळी एका लॉकेटकडे बघत होती. २०१५ सालची गोष्ट आहे. गलका ऐकून मी तळमजल्यावरच्या माझ्या दवाखान्यातून बाहेर आले, तर घोळक्याच्या मधोमध भामा मासेवाली पडलेली. तिचा अंबाडा सत्यजीतच्या मुठीत होता आणि तोंडातून रक्त येत होतं.

सत्यजीत दुसऱ्या मजल्यावर राहतो, चांगल्या कंपनीत नोकरी करतो. त्याला मी कधी रिक्षावाल्याशीही हुज्जत घालताना पाहिलं नव्हतं. त्या सकाळी तो पायातली चप्पल काढून एका बाईला बडवत होता.

“बोल, काय केलंस माझ्या पोरीला? कोणाच्या सांगण्यावरून केलंस?”

“मी काय नाय केलं, दादा! पोरीचा गाल धरला न् लॉकीटला हात लावला, एवढंच!”

लॉकेट त्याच्या बायकोने, रुचिराने, ऑनलाइन मागवलेलं. ‘हस्तनिर्मित दृष्टिकवच’! वेबसाइटवर कवचबाबा नावाचे एक गुबगुबीत गृहस्थ व्हिडिओतून सांगत, “माते, हा खडा नव्हे, हा डोळा आहे! हिमालयातल्या गुहेत एकेक लॉकेट आम्ही स्वहस्ते घडवतो. निळा असेल तर निर्धास्त राहा. वाईट नजरेचा हात लागला, तर तत्क्षणी काळा पडेल!” खाली कॅश ऑन डिलिव्हरीची सोय. गुहेत कुरिअरवाला रोज जात असावा.

दोन वर्षांच्या शरयूला बरं नव्हतं, म्हणून लॉकेट तिच्या गळ्यात घातलं आणि खडा निळाशार झाला. झालं! मी खाली बसलेली असून कोणी पोरीला माझ्याकडे आणलं नाही. आणि त्या सकाळी खोक्यातून पापलेट काढून दाखवता दाखवता भामाने कौतुकाने त्या लॉकेटला हात लावला, तर खडा काळाकुट्ट.

“सोडा तिला!” मी मध्ये घुसले. कोणीतरी मला खांद्याला धरून मागे ढकललं.

“सफूरा मॅडम, तुम्ही आमच्या देवाधर्मात पडू नका.”

“आमच्याकडेही तावीजवाले आहेत, त्यांच्याशीही मी अशीच भांडते. बाजूला व्हा!”

तेवढ्यात कोणीतरी भामाच्याच तराजूतलं वजन उचलून तिच्या तोंडावर हाणलं. हाड मोडल्याचा आवाज मी ओळखते.  डोळ्यावर तळवा दाबून भामा वाकली आणि बोटांमधून रक्त ओघळलं. मी तिच्या अंगावर आडवी पडले. पुढच्या दोन लाथा मला बसल्या. डॉक्टरला लाथ लागली हे बघून गर्दी जरा थबकली.

मी भामाचा दुसरा हात धरला. गारठलेला! सकाळपासून बाई बर्फात हात घालून मासे काढत होती. फुटलेल्या थर्माकोलच्या खोक्यातला तो बर्फ आता फरशीभर पसरला होता.

“सत्यजीत, लॉकेट दाखवा.”

शरयूला कडेवर घेऊन उभ्या असलेल्या रुचिराच्या हातातून त्याने ते घेतलं आणि पुढे केलं. खडा पुन्हा निळसर झाला होता. मी लॉकेट काढून घेतलं आणि त्याच्या तळहातावर बर्फ ठेवला. “धरा. सोडायचा नाही.” तो कळवळला, तरी मी त्याची मूठ आवळून धरली. मग बर्फ फेकून लॉकेट त्याच हातात दिलं. सगळ्यांच्या देखत खडा तपकिरी झाला, मग काळा.

“घ्या!” मी ओरडले. “वाईट नजर सापडली, पोरीचा बापच निघाला. काढा चपला. मारा त्याला!”

पुढचे दोघे-तिघे मागे सरकले.

“ह्या काचेखाली उष्णतेने रंग बदलणारा पदार्थ आहे. गार हात लागला की काळा, गरम लागला की निळा. जत्रेत अशा अंगठ्या मिळतात. ह्याला कसली नजर कळतेय!”

“पण शरयूच्या गळ्यात तर तो सगळ्यात निळा…” रुचिरा बोलता बोलता थांबली. पोर तिच्या खांद्यावर मान टाकून होती. मी शरयूच्या कपाळाला हात लावला. चटका बसला.

“तो ताप आहे, रुचिरा. इतके दिवस तापालाच तुम्ही कवच समजत बसलात.”

भामाला आणि शरयूला मी एकाच गाडीतून हॉस्पिटलात नेलं. वाटेत रुचिरा भामाचे पाय धरायला गेली.

“पाय सोड,” भामा म्हणाली. “ज्यांनी माझ्यावर हात टाकला त्यांची नावं सांग पोलिसांना.”

रुचिराने सांगितली. पहिलं नाव नवऱ्याचं होतं.

शरयू वाचली. भामाचा उजवा डोळा गेला.

दागिना हौसेने मागवा, हाताने घडवलेला मागवा, आवडला तर मिरवा. पण मूल आजारी असेल तर त्याला डॉक्टरकडे न्या. आणि एखाद्या वस्तूने कोणा बाईला चेटकीण ठरवलं, तर पायातली चप्पल काढण्याआधी ती वस्तू तपासून पाहा. त्याला मिनिटभरही लागत नाही. भामाला ते मिनिट कोणी दिलं नाही.