फिरत्या पात्यांखाली

नारंगी, करंगळीच्या पेराएवढं, स्पंजासारखं काहीतरी... दाबलं की मिटतं, बोटं सैल केली की सावकाश, झोपेतून उठल्यासारखं, पुन्हा आपल्या आकाराला येतं. एमिलीने ते परत दाबलं. फेबियनने आपल्या बासाठी पाठवलेल्या जुन्या जर्सीच्या खिशात ते सापडलं होतं, आणि त्याला वास होता – रॉकेलसारखा, पण रॉकेलचा नव्हे. हा वास तिच्या ओळखीचा होता. फेबियन, तिचा नवरा, रजेवर आला की पहिले दोन दिवस त्याच्या कपड्यांना तो यायचा. कोठारात सगळ्यालाच येतो, असं तो म्हणायचा.

‘ते कानात घालायचं, वहिनी,’ श्रीपत म्हणाला. ‘डोक्यावर पाती फिरत असताना ते नसेल तर माणूस कायमचा बहिरा व्हायचा.’

‘कोठारात?’ तिने विचारलं.

श्रीपत हसला. वहिनी थट्टा करतायत असंच त्याला वाटलं असणार. तो फेबियनच्याच तुकडीतला, नुकताच हवाई दलातून सुटलेला. विरारला नव्या इमारतीत घर घेतलं होतं आणि मित्राने दिलेली जर्सी पोचवायला रविवारचा सांडोरपर्यंत आला होता. एमिली नुकतीच चर्चमधली मिस्सा आटोपून परतली होती. ओटीवर बा, तिचा सासरा, केळीच्या सोपटाचे बंद सोलत बसला होता. चहा झाला होता, आता निघायचंच – पण मित्राचं कौतुक त्याच्या घरच्यांना सांगायची संधी श्रीपत कशी सोडणार?

तो सांगत राहिला. हल्ला करणारी हेलिकॉप्टरं, पोटाखाली रॉकेटं लावलेली. सरावात ती वाळवंटात उतरायची ती इंजिन बंद न करताच. वैमानिक आपल्या जागीच बसून, डोक्यावर पाती गरगरताहेत, वाळूचा असा मारा की गालाची साल निघावी – आणि त्यात कमरेत वाकून, जाड पाइप ओढत, हेलिकॉप्टरच्या पोटापाशी जायचं, आधी साठलेली वीज उतरवायला तार जोडायची, नाहीतर एक ठिणगी पुरे, आणि मग इंधन सोडायचं. बोललेलं ऐकू येत नाही. सगळं हातांच्या खुणांवर. नवी मुलं पहिल्यांदा गुडघ्यातच बसतात. मग फेबियन त्यांच्या मानेवर तळवा ठेवतो आणि तसाच दाबून आत घेऊन जातो. शेपटीच्या पात्याकडे कोणी वळलंच तर मानगुटीला धरून मागे ओढतो. वैमानिकसुद्धा खाली कोण आहे ते बघतात. फेबियन दिसला की निर्धास्त.

एमिली ऐकत होती. लग्नाआधी याच ओटीवर त्याने सांगितलं होतं, मी कोठारात असतो, कांबळी मोजतो. आय – तिची सासू – हसली होती, सैन्यातला वाणी म्हणाली होती. शाळेतल्या मुलांनी कधी विचारलं, टीचर, तुमचे मिस्टर विमान चालवतात? तर एमिलीही तेच सांगायची, कांबळी मोजतात, आणि सगळा वर्ग हसायचा... म्हणजे इतकी वर्षं हे सगळे एका नसलेल्या माणसाला हसत होते. पण हे तिला फारसं लागलं नाही. मला घोर नको म्हणून बोलला असेल. उलट क्षणभर तिला अभिमानही वाटला, आणि एक जुनी गोष्ट उलगडली – मागच्या रजेत वाडीवरून एक हेलिकॉप्टर अगदी खालून समुद्राकडे गेलं होतं, सगळ्यांनी माना वर केल्या होत्या, आणि बावखलाच्या, वाडीतल्या तळ्याच्या, काठावर उभ्या फेबियनने तेवढी खाली घातली होती. याला कशाचंच कौतुक नाही, असं तेव्हा तिच्या मनात आलं होतं.

‘एवढं प्रेम त्या कामावर,’ श्रीपत म्हणाला, ‘की मागच्या वर्षी आई आजारी होती ना, तेव्हा सीमेवर फौजा, सगळ्यांच्या सुट्ट्या बंद, तरी साहेबांनी स्वतः बोलावून सांगितलं, तुझी केस वेगळी, आज निघ. हा म्हणाला, सराव अर्ध्यावर आहे, पोरं कच्ची आहेत, संपला की जातो. कोण म्हणेल असं, वहिनी?’

कोण म्हणेल असं.

श्रीपत मग उठला, बाच्या पाया पडला, एकदा विरारला या म्हणाला, तिने मुलांची नावं विचारली, फाटकापर्यंत गेली, केळ्यांची फणी त्याच्या पिशवीत घातली – हे सगळं तिने केलं खरं, पण तिचा हात तेव्हाही, मागच्या वर्षीच्या त्या खोलीत, आयच्या हातातच होता. कोरडा, हलका हात, वाळल्या पानासारखा. फादर मरणाऱ्याला लावायच्या पवित्र तेलाचं अभ्यंग देऊन गेले होते, खोलीत मेणबत्तीचा वास होता, आणि आय दाराकडे बघत दर थोड्या वेळाने विचारत होती, फेबू आला? एमिली खाली वाकून, कानाशी तोंड नेऊन, सांगत होती, येईल, आय, सरकार सोडत नाही त्याला, सुट्टी मिळाली की येईल. तीनचारदा ऐकून झाल्यावर आय म्हणाली होती, ‘सरकारला आय नसते काय ग?’ आणि मग तिने तोंड भिंतीकडे फिरवलं ते फिरवलंच.

सरकारवर रागावून गेली ती. ज्या सरकारने जा म्हटलं होतं. आणि ते खोटं तिच्या कानात घातलं कोणी? त्याने नाही. तो तर तिकडे कोणा कच्च्या पोराच्या मानेवर तळवा ठेवून उभा होता. मी घातलं. माझ्या तोंडाने, अगदी खऱ्यासारखं – कारण मला ते खरंच वाटत होतं! त्याने मला नुसतं फसवलं असतं तर... पण त्याने मला पाइपासारखं वापरलं, एका टोकाने ओतलं आणि दुसऱ्या टोकाने ते मरणाऱ्या बाईत गेलं...

ती ओटीवर परत आली तेव्हा बाचे हात थांबले होते. बाला कमी ऐकू येत होतं; श्रीपतचं बोलणं त्याच्यापर्यंत पोचलं नसेल, हे त्याच्यापासून आता लपवायला हवं, असं ती मनाशी जुळवत होती, तेवढ्यात तो खाली बघूनच म्हणाला,

‘मला ठाऊक होतं.’

फेबियनने तेव्हा त्याला फोन केला होता. रडला होता. बा, तिला असं मरताना बघणं मला जमणार नाही, म्हणाला होता. बाने कुणाला सांगितलं नाही. काय सांगायचं, पोरगं भितं म्हणून?

‘आणि मी?’ एमिलीने विचारलं.

बाने मान वर केली. त्याला प्रश्न खरोखरच कळला नव्हता.

‘तू होतीस ना,’ तो म्हणाला.

दुपारभर ती वाडीत फिरत राहिली. वेलीवरची तोंडली तोडली, पाटाला पाणी वळवलं. तू होतीस ना... तिला आयची पाठ पुसलेली आठवली, रात्रींची जागरणं आठवली, शेवटचा श्वास कोणता आणि त्याआधीचा कोणता हे न कळून आरशाचा तुकडा नाकाशी धरला होता तो आठवला. घोंघावत्या लोखंडाखाली जो माणूस मान वाकवून सरळ आत जाऊ शकतो त्याला जे जमणार नव्हतं, ते हिला जमेल, असं दोघांनी परस्पर धरून टाकलं होतं. बापलेकांनी. विचारलं असतं तर कदाचित मीच म्हटलं असतं, तू नको येऊस, मी आहे. एवढं म्हणायची संधी तरी...

संध्याकाळी रविवारचा फोन आला. बा ओटीवरून उठला नाही. तिनेच घेतला.

फेबियनने बाची तब्येत विचारली, केळीचा भाव विचारला. मग सहज विचारल्यासारखं, ‘श्रीपत आलेला काय? काय म्हणाला?’

तिने दिवसभरात वाक्यं तयार केली होती. धारदार, एकापाठोपाठ एक. ती सगळी जिभेवर होती.

‘काही नाही,’ ती म्हणाली. ‘जर्सी दिली, चहा घेतला, गेले.’

पलीकडे त्याने श्वास सोडला. मग तो मोकळा झाला, बोलत सुटला – ईस्टरला रजेचं कठीण दिसतंय, सोडत नाहीत लोक, बघू या. ती हं, हं म्हणत होती आणि स्वतःच्या आवाजाकडे कान देऊन ऐकत होती. खोटं बोलताना आवाज कुठेतरी अडखळतो, समजणाऱ्याला समजतं, असं ती आजवर मानत आली होती. चुकार मुलांना वर्गात ती तशीच पकडायची. पण तिचा आवाज अडखळला नव्हता. नेहमीसारखा होता, थोडा थकलेला, थोडा मायेचा. त्याचा त्या वेळी, सुट्टी मिळत नाही म्हणताना, होता तसाच.

‘ऐकतेस ना?’ फेबियनने विचारलं.

‘ऐकतेय,’ ती म्हणाली, आणि हे तरी खरं आहे का, याचा तिला काही केल्या अंदाज येईना.