फलाट संपतो तिथे

जिज्ञासाने फलकावरच्या ओळींखालून नखाने रेघ ओढली. नखच दुखलं, फलकावर ओरखडाही उठला नाही.

"अगं, आजच लावलाय तो," धर्मेशकाका लगबगीने आले. बिल्डरचा सगळा कारभार तेच बघत. "काय शोधतेस?"

"मीठवाल्या बायका. कुठे आहेत?"

कात्रपच्या नव्या कॉम्प्लेक्सच्या बागेत चक्क एक शोभेचं स्टेशन उभं राहिलं होतं. कौलारू छप्पर, पितळी घंटा, हिरवे बाक. खाडीच्या काठाकाठाने समुद्रापर्यंत जाणारी, केव्हाच बंद पडलेली लोकल लाईन म्हणे इथे पुन्हा जिवंत होणार होती, आणि तिच्या जिवावर फ्लॅट खपणार होते. बदलापुरात समुद्र कुठला, असं कोणी विचारायचं नाही. लाईनचा इतिहास सांगणाऱ्या त्या फलकावर हवा खायला निघालेले साहेब होते, मडमा होत्या, मडमांच्या छत्र्यासुद्धा होत्या. पण जे मीठ वाहायला लाईन टाकली त्याचा एक खडा नव्हता. ते मीठ डोक्यावरून गाडीत चढवणारी सखूआजी तर नव्हतीच.

सखूआजी म्हणजे जिज्ञासाच्या बाबांची आई. लाईन बंद झाली, मीठ जागच्या जागी पडून राहिलं, आणि तिचं घरदार मिठागर सोडून इथे बेलवलीला आलं.

"ही चीटिंग आहे, काका."

"बेटा, छापून झालं ना आता. असं कर, आजीला घेऊन ये रविवारी उद्घाटनाला. शाल देऊ, नारळ देऊ, पहिल्या बाकावर बसवून फोटो काढू. तूही दोन शब्द बोल. झालं समाधान?"

समाधान कसलं, तिच्या अंगाचा तिळपापड झाला होता. पण पहिल्या बाकावर पितळी अक्षरांत 'पहिला वर्ग' लिहिलेलं तिने पाहिलं आणि मान डोलावली. वक्तृत्वाची ढाल नुकतीच जिंकली होती तिने. आजीला त्या बाकावर बसवायचं आणि माइक हातात आला की एकेकाला ऐकवायचं.

रविवारी आजी नवं लुगडं नेसून आली. घंटेला हात लावून म्हणाली, "झ्याक केलंय गो."

"कौतुक काय करतेस, आजी? खोटं आहे सगळं."

"आसंल. रंग बरा दिलाय."

"चल, इथे बस. पहिला वर्ग."

आजीने बाकाकडे बघितलं आणि चालू लागली. दुसरा बाक गेला, तिसरा गेला. फलाट संपला तिथे तिने लुगड्याचा ओचा सावरला, कडेला बसून हळूच खाली उतरली आणि पार्किंगच्या खडीत उकिडवी बसली. एक हात डोक्याशी गेला होता, मिठाची पाटी सावरल्यासारखा.

"आजी, तिकडे नाही. फोटो इकडे आहे," धर्मेशकाका ओरडले. खुर्च्यांवरच्या पाहुण्यांमधून हसू फुटलं.

जिज्ञासाचे कान तापले. ती धावत गेली, वाकली. "आजी, ऊठ ना. सगळे हसतायत. माझी काही इज्जत?"

"आमचा डबा हितंच लागायचा गो बाय. सगल्यान मागं. फलाट आमच्यापरत यायचाच नाय." आजीने खडीवरून हात फिरवला. "चिखलातनं चढायचं, डोक्यावर भरली पाटी. कुंदाचा पाय आसाच सटकला, गेली गाडीखाली."

"कोण कुंदा?"

"माजी मैत्रीण. तुज्याएवढी."

"मग?"

"मग काय. गाडी टायमात सुटली."

फलाटावरून जिज्ञासाचं नाव पुकारलं गेलं. ती परत गेली, माइक हातात घेतला. पाठ केलेलं भाषण ओठांवर तयार होतं. "आदरणीय व्यासपीठ," ती म्हणाली आणि थांबली. मग माइक घेऊनच फलाटाच्या टोकाकडे निघाली. दुसऱ्या बाकापाशी वायर ताणली गेली. तिने एक झटका दिला. वायर पुढे पुरत नव्हती.

"बेटा, इथूनच बोल," धर्मेशकाका दबक्या आवाजात म्हणाले.

तिने माइक बाकावर ठेवला. टोकाला जाऊन खाली उडी मारली आणि आजीच्या शेजारी, खडीत उभी राहिली.

"कुंदा नावाची एक मुलगी होती," तिने सुरुवात केली. "ती फलकावर नाही."

पुढच्या रांगेत पाहुण्यांनी कानामागे हात धरला. "काय म्हणते ती? ऐकू येत नाही."

"मग इकडे या," जिज्ञासा म्हणाली.

आजी जरा सरकून बसली.